सौरपंप घ्यावा, की लाईनची वाट पाहावी? (काटोल तालुका, संत्रा, विहीर ५५ फूट)

संत्र्याची_फोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. गाव काटोल तालुक्यात, तिथं आई-बाबा असतात. बाबांचं वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी काकांशी वाटणी झाली. घराजवळचं ओलिताचं वावर काकांकडे गेलं, आमच्या वाट्याला नाल्यापलीकडचं साडेतीन एकर आलं. त्यात बांधलेली विहीर आहे, ५५ फूट खोल, २० फूट व्यासाची. संत्र्याची ३४० झाडं, जवळपास सगळी आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी). ठिबक आहे. वीज नाही. पाणी ओढतं ते जुनं डिझेल इंजिन, आणि ते तासाला लिटरभर डिझेल पितं. गेल्या उन्हाळ्यातला डिझेलचा हिशोब बाबांनी आईपासून लपवला होता, मला वहीत सापडला.

आता घरात तीन मतं आहेत. जावईबापू म्हणतात, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दहाच टक्के भरायचे आहेत, तुम्ही पाच एचपीला पात्र आहात, मग पाचच घ्या. बाबा म्हणतात सौरबिर काही नको, लाईनचं कनेक्शन मिळेल तेव्हा मिळेल, साडेसात एचपीपर्यंत बिल तर माफच आहे. मला वाटतं तीन एचपी पुरेल, पण का वाटतं ते मला सांगता येत नाही. जेवताना हरतो मी.

माहितीपत्रकं सगळी वाचून झाली आहेत. ज्यांच्या वावरात पंप उभा आहे, किंवा होता, त्यांनी लिहा.

---

सावलीतला_भुईमूग

वाचतेय. सासऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे, फक्त संत्र्याच्या जागी मोसंबी. वाचनखूण साठवली.

---

डीपीवाला

वीज खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी काटोल-नरखेडच्या खांबांवर. त्यामुळे थोडं लांबण लावतो, सहन करा.

एचपीवरून भांडू नका. आधी पाणी किती लागतं ते काढा. मोठ्या संत्र्याच्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकवर दिवसाला शंभर लिटरच्या वर लागतं. १२० धरा. ३४० झाडांना झाले साधारण ४१,००० लिटर.

आता पंप. तीन एचपीला जवळपास तीन किलोवॅटचे पॅनल येतात. आपल्याकडच्या उन्हात त्यातून दिवसाला चौदा-पंधरा युनिट निघतात. पंप, मोटर, पाइप यांच्यात निम्म्याहून जास्त जातं. पाण्याला प्रत्यक्ष वर उचलायला साडेपाच युनिट उरले असं समजा. तुमची विहीर आणि ठिबकचा दाब मिळून ३५ मीटर हेड (पाणी चढवायची एकूण उंची) धरलं, तर ५५,००० लिटरच्या वर पाणी बसतं. मे महिन्यात पॅनल ७० अंशांपर्यंत तापतो. पंचविसाच्या वरच्या प्रत्येक अंशाला त्याची ताकद ०.३५ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे त्या दिवसांत सोळा ते अठरा टक्के गेले. तरी ४५,००० उरतात. (आपल्या लोकांना वाटतं ४६ अंश म्हणजे सौरपंपाची दिवाळी. पॅनलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो जास्त खुशीत असतो.)

म्हणजे पंपाच्या बाजूनं तीन एचपीचं गणित बसलं. आता विहिरीची बाजू. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. रोज ४१,००० काढायचे तर चोवीस तासांत विहीर साडेचार फुटांहून जास्त भरून आली पाहिजे, तीही मे महिन्यात. येते का? हे मला माहीत नाही, जावईबापूंनाही माहीत नाही. बाबांना माहीत असेल, पण ते फुटांत सांगणार नाहीत.

करून पाहा. मे महिन्यात एके संध्याकाळी इंजिन लावून विहीर उपसा, दोरीला गाठ मारून पातळी घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा घ्या. मग लिहा इथे.

---

खापरीचा_पोट्टा

काका, तुम्ही शाळेत गणित शिकवायला हवं होतं. +१

---

वांदरवाडी

भाऊ, मी सांगतो तुमाले खरी गोष्ट. आमच्या वावरात पंप बसून तीन वर्सं झाले. पह्यलं वर्स एक नंबर. दुसऱ्या वर्साले कंट्रोलर, म्हंजे पंप चालवनारा डबा, बंद पडला. फोन केला तं म्हणे तक्रार ऑनलाइन टाका. टाकली. मंग मेसेज आला का तक्रार निकाली निघाली. पंप बंद, अन् तक्रार निकाली! कंपनीचं नाव लिहीत नाई, पण चाळीस दिवस मी त्या कंट्रोलरच्या लाल लाइटकडे पाहात बसलो. कपाशी होती म्हणून वाचलो, संत्रा असता तं आंबिया गळून गेला असता.

मानूस आला तो थेट पुन्याहून. अर्ध्या घंट्याचं काम. मले म्हणे, एक कार्ड बदललं. मी म्हटलं, हे कार्ड काटोलात काऊन नाई ठेवत बाप्पा?

पाच वर्सं दुरुस्ती कंपनीकडे हाय, विमा बी हाय. कागदावर सगळं हाय. घ्यायच्या आधी येवढं इचारा का जवळचा मेकॅनिक कोन्त्या गावात राह्यते. कंपनीचा हापिस नाई, मेकॅनिक.

अन् वांदरं. पॅनलवर उड्या मारतात. त्याचा इलाज कोनाजवळ असन तं सांगा.

---

फीडरकर

मी बाबांच्या बाजूचा. सौरपंप वाईट असतो असं म्हणत नाही, पण त्यांच्या बोलण्यात दम आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ला आली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ला. उपकेंद्राजवळ जमीन घेऊन काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला) द्यायची, असं तिचं रूप आहे. शेतकऱ्याच्या वावरात काहीच बसत नाही. खांब तेच, तार तीच, मोटर तीच. पण वीज दिवसा येते, कारण ती दिवसाच तयार होते. दुरुस्ती एका ठिकाणी, राखण एका ठिकाणी. वांदरवाडी भाऊंसारखे चाळीस शेतकरी चाळीस लाल दिव्यांकडे पाहत बसण्यापेक्षा एका प्रकल्पावर एक पगारी माणूस ठेवणं स्वस्त पडतं. आणि पावसाळ्यात पंप बंद असले तरी ती वीज वाया जात नाही, दुसरीकडे जाते. एकट्या पंपाचे पॅनल चार महिने पावसाचं पाणी झेलत उभे असतात.

बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे, साडेसात एचपीपर्यंत. म्हणजे मार्च २०२९ पर्यंत. पुढचं पुढे.

धागाकर्त्यांनी एक विचारावं: तुमच्या गावाचा फीडर सौरवर गेला आहे का, किंवा जाणार आहे का? उपकेंद्रात कळतं.

---

डीपीवाला

फीडरकर, तत्त्व म्हणून मान्य. पण यांच्या वावरात खांबच नाही. हल्ली शेतीच्या नव्या मागणीला बहुतेक सौरपंपाचाच रस्ता दाखवतात. बाबा ज्या लाईनची वाट पाहतायत ती नाल्याच्या अलीकडेच थांबली आहे.

आणि खरं सांगतो, मी ज्या काळात काम केलं तेव्हा शेतीची थ्री-फेज पाळीनं यायची. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्री बाराला वीज आली की एकाच वेळी सगळे ऑटो स्विच टणाटण चालू व्हायचे आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, बसायची. मग आम्ही कंदील-बॅटऱ्या घेऊन निघायचो. ओलित करणारे अंधारात, आम्ही अंधारात, साप अंधारात.

---

संत्र्याची_फोड

डीपीवाले काका, बाबांनी वीस वर्षं हेच केलं. रात्रीच्या पाळीला ते एकटे जायचे, कंदील घेऊन. आईला झोप लागायची नाही, पण ती कधी बोलली नाही. म्हणून मला कळेना की त्यांना लाईनच का हवी. काल विचारलं. म्हणाले, “लाईन गेली तं गावात दहा जणांची जाते, दहा जणं मिळून ओरडतात. सौर बंद पडलं तं मी एकटा.”

यावर मला काही बोलता आलं नाही.

---

गोठणीवरून

फीडरच्या बाजूनं इतकं लिहिलंत, जमीन कोणाची ते नाही लिहिलंत. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. खाजगी जमीन भाड्यानं घेतली तर मालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला मिळतात आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. ठीकच आहे. पण पुष्कळ ठिकाणी गायरान दिलं जातं. ग्रामपंचायतीला त्याचे काही पैसे येतात, त्यातून सभामंडप बांधतात. ज्याच्या दहा शेळ्या आहेत त्याला त्या सभामंडपात शेळ्या बांधता येत नाहीत.

माझ्या मामाच्या गावी वीस एकर गायरानाला तारेचं कुंपण पडलं. वीज दिवसा आली, हे खरं. मामाला विचाराल तर तो खूश आहे. गावातल्या ज्या तीन घरांना वावरच नाही, त्यांना विचाराल तर वेगळं ऐकाल. पॅनलच्या खाली गवत उगवतं, मेंढ्या तरी आत सोडू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. अजून तरी कुलूप आहे.

---

पाटणा_रिटर्न

मी मूळचा नागपूरच्या महालातला. एका संस्थेच्या कामानं बिहारमध्ये सात वर्षं होतो, मधे काही महिने बांगलादेशात. बाबांच्या त्या वाक्यावरून आठवलं ते लिहितो.

जहानाबाद जिल्ह्यात धरनाई नावाचं गाव आहे. तीसेक वर्षं वीज नव्हती. २०१४च्या जुलैत तिथं १०० किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं वीजजाळं, उभं राहिलं. घरं, दुकानं, रस्त्यावरचे दिवे, सगळं. देशभर बातम्या. माजी मुख्यमंत्री आले, तर लोकांनी त्यांना काय सांगितलं? आम्हाला ‘असली बिजली’ द्या, ही नकली आहे. त्यांना फ्रिज हवा होता, मोटर हवी होती. मायक्रोग्रिडवर दिवा, पंखा, मोबाइल एवढंच नीट चालायचं, आणि युनिटही महाग पडायचं. थोड्याच दिवसांत तार आली. तार स्वस्त. मग पुढच्या काही वर्षांत बॅटऱ्या मेल्या, नव्या कोणी घेतल्या नाहीत, आणि शेवटी त्या प्रकल्पाच्या आवारात गुरं बांधायला लागले.

यावर हसणारे पुष्कळ भेटतात. मला हसू येत नाही. गावकरी मूर्ख नव्हते. पेटलेला बल्ब ही त्यांची मागणी कधीच नव्हती, त्यांना शहरातल्या माणसाला मिळते तीच वीज हवी होती.

बांगलादेशात उलटं झालं, आणि तरी तेच झालं. २००३ पासून तिथं घरोघरी लहान सौरसंच दिले गेले, हप्त्यानं. एक पॅनल, एक बॅटरी, तीन-चार दिवे. चाळीस लाखांवर घरांत गेले, जगात एवढं मोठं काम दुसरं नव्हतं. ते चाललं याचं कारण पॅनल नव्हे. हप्ता गोळा करायला दर महिन्याला येणारा माणूसच बॅटरीत पाणी टाकायचा. वसुली आणि दुरुस्ती एकाच सायकलवर. मग सरकारी तार वेगानं पसरली, लोकांनी हप्ते थांबवले, आणि तो सायकलवाला यायचा बंद झाला. त्याबरोबर संचही.

केनियात मोबाइलवरून रोजचे थोडे पैसे भरायचे, भरले नाहीत तर संच लांबूनच बंद होतो. आपल्याकडे कोणी असं केलं तर टॉवरवर चढतील लोक. पण तिथं कंपनीला संच चालू ठेवण्यात स्वार्थ आहे, कारण बंद संचाचे पैसे कोणी भरत नाही. वांदरवाडी भाऊंच्या कंपनीला तो स्वार्थच नव्हता. अनुदान बसवल्यावरच मिळून गेलं होतं.

---

खापरीचा_पोट्टा

आफ्रिका-बांगलादेश ठीक आहे, पण आपल्याकडे वीज गावोगाव पोचली आहे ना? मग ही तुलना कशाला?

---

पाटणा_रिटर्न

तार पोचली आहे. वावरात, रात्री, पूर्ण दाबानं पोचली आहे का ते डीपीवाल्या काकांना विचारा. आफ्रिकेत सहारच्या खालच्या भागात सुमारे साठ कोटी लोकांकडे आजही वीजच नाही, त्यांचा प्रश्न वेगळा हे कबूल. पण तिसऱ्या वर्षी बिघडलेलं कार्ड कोण बदलतो, हा प्रश्न तिथला आणि काटोलचा एकच आहे. तुमच्याच गावाच्या चौकातला सोलरचा खांब पाहा. दिवा लागतो का?

---

खापरीचा_पोट्टा

नाही लागत. बॅटरी चोरीला गेली. बरं, गप्प बसतो.

---

विहीरमोज

मी भूजलाचं काम करतो, म्हणून जरा कडू बोलणार आहे.

डिझेल महाग असतं तेव्हा माणूस तास मोजून इंजिन लावतो. लाईन पाळीनं येते तेव्हा पाळी संपली की मोटर बंद. सौरपंपाला यातलं काहीच नाही. सूर्य उगवला की पाणी, मावळेपर्यंत पाणी, आणि पुढच्या प्रत्येक लिटरचा खर्च शून्य. वरुड तालुका भूजलाच्या बाबतीत अतिशोषित आहे. तिकडे बोअर किती फुटांवर गेलेत ते संत्रावाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यात पाच एचपी फुकटात वाटणं म्हणजे तहानलेल्या गावाला मोठं भांडं देणं, पाणी नव्हे.

आणि ६०० फुटांच्या बोअरवाल्यांनो, सौरपंपाचा विचार नीट करा. डीपीवाल्या काकांचं गणित उलटं लावा. खोली चौपट झाली की त्याच पॅनलवर पाणी पावपट होतं.

---

मृगबहार

झालं, आले शहाणपण शिकवणारे. पाण्याचा हिशोब शेतकऱ्यानंच द्यायचा का? नागपुरात एकेका फ्लॅटमध्ये तीन-तीन एसी चालतात, त्यासाठी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख कोणाच्या वावरावर पडते? आम्हाला दिवसा वीज मिळायला सत्तर वर्षं लागली. ती मिळाली की लगेच भूजल आठवलं.

---

विहीरमोज

राग मान्य. मी स्वतः बिनएसीचा आहे, मेमध्ये कुलरवर भागवतो, त्याचं पुण्य नको. पण तुमच्या शेजाऱ्याचा बोअर तुमच्या विहिरीचं पाणी ओढतो तेव्हा एसीवाल्याला शिव्या देऊन पाणी परत येत नाही. सौरपंपाला मी नाही म्हणत नाही. ठिबक असेल तर द्या, विहिरीच्या झऱ्याइतकाच द्या, आणि पावसाळ्यात त्याच नाल्यावर बांध घालून झरा वाढवा. धागाकर्त्यांकडे ठिबक आहे, नाला आहे. त्यांना लागू पडतं.

---

मृगबहार

हे नीट लिहिलंत. आधीच असं लिहायचं ना. आंबियाला डिसेंबरमध्ये ताण देताना बागेला आम्ही पाणी तोडतोच, झाडाला किती दिवस तहान झेपते ते आम्हाला कळतं. विहिरीला कळत नाही एवढंच.

---

तुराटी

सगळी चर्चा वावराची. चुलीबद्दल बोलू का?

मी वर्धा जिल्ह्यातली, सासर काटोलजवळ. पंप कोणत्याही एचपीचा बसला तरी सकाळी पाचला आंघोळीचं पाणी पऱ्हाटीवरच तापतं. सिलेंडर आहे, पण तो पाहुण्यांसाठी आणि चहासाठी. कपाशी निघाली की पऱ्हाट्यांचा ढीग, तूर निघाली की तुराट्यांचा. फुकट असतं म्हणतात. गोळा करणारी, फोडणारी, फुंकणारी बाई कोणाच्या हिशोबात नसते, म्हणून फुकट.

आमच्याकडे सासऱ्यांनी गोबरगॅस बांधला, दोन घनमीटरचा. त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं दावणीला हवीत, आणि शेणाइतकंच पाणी. उन्हाळ्यात गॅस इतका होतो की टोपी वर येऊन डुगडुगते. डिसेंबर-जानेवारीत, नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की आतले जंतू गारठतात आणि दोन वेळच्या भाकरीही होत नाहीत. मग आम्ही कोमट पाण्यात शेण कालवायचो, वर पोती-कुटार टाकायचो. त्यानं थोडा फरक पडतो.

अठरा वर्षं चालला तो. बंद का पडला? बिघडला नाही. बैलजोडी विकून ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायला लागलो, गाई दोनच राहिल्या, शेण कमी पडलं. सगळे म्हणतात बाया आळशी झाल्या. टाकीतून निघणारी रबडी मात्र सोनं होती. तिच्यावरची वांगी अजून आठवतात.

धागाकर्त्यांनी आईला विचारलं का तिला काय हवंय? घरात तीन मतं लिहिलीत, चौथं कुठं दिसलं नाही.

---

संत्र्याची_फोड

ताई, लागलं. विचारतो.

---

जागल

अवांतर, पण बाबांचं वय एकाहत्तर म्हणालात म्हणून. रात्रीचं ओलित सौरपंपानं सुटेल, डुकरं आणि रोही (नीलगाई) सुटणार नाहीत. त्यासाठी सौर कुंपण, म्हणजे झटका मशीन, पंपापेक्षा लवकर बसवा. लहान पॅनल, एक बॅटरी, आणि तारेला सेकंदाला एखादा ठोका. दाब काही हजार व्होल्टचा असला तरी ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून जनावर दचकून पळतं, मरत नाही. तारेखालचं गवत कापत राहावं लागतं, नाहीतर सगळा झटका जमिनीत उतरतो.

लाईनवरून थेट तार कुंपणाला जोडणारे महाभाग आहेत. त्यात वाघ मेलेत, शेजारचे शेतकरी मेलेत, स्वतः मालकही मेलेत. ते कधीच नाही. जंगलाजवळचं गाव असेल तर वन खात्याच्या जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, गावच्या समितीत चौकशी करा.

---

वांदरवाडी

झटका मशीन वांदराईले चालते काय?

---

जागल

नाही दादा. वांदर तारेला हात लावायच्या आधी झाडावरून येतं.

---

संत्र्याची_फोड (मे महिन्याचा शेवट)

मंडळी, धागा वर काढतोय. डीपीवाल्या काकांनी सांगितलेली परीक्षा केली. शनिवारी संध्याकाळी इंजिन लावून विहीर तळाशी दोन हात पाणी राहीपर्यंत उपसली. बाबा काठावर बसून हसत होते. दोरी सोडली, गाठ मारली. रविवारी संध्याकाळी पुन्हा मोजलं. तीन फूट आठ इंच भरून आली. काकांच्या हिशोबानं साधारण ३२,६०० लिटर.

म्हणजे विहीरच ४१,००० देत नाही. पाच एचपी घेतला असता तर दुपारपर्यंत विहीर कोरडी आणि मोटर हवा ओढत. बाबांना आकडा सांगितला. म्हणाले, “मी तं सांगतच होतो, ही विहीर साडेतीन तासाची हाय.” काका, तुमचं खरं, ते फुटांत सांगत नाहीत, पण तासांत सांगतात. मी कधी विचारलंच नव्हतं.

तीन एचपीचा अर्ज भरतोय. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो. लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत, अमरावती रोडला, जाऊन आलो. बुंध्याभोवती आच्छादन नीट केलं तर उन्हाळ्यातलं पाणी बरंच वाचतं असं म्हणाले. चाळीस म्हातारी झाडं यंदा काढणार आहोत. उरलेल्यांना ३२ हजारांत बसवावं लागेल.

आईला विचारलं. तिला गोठ्यात दिवा हवा आहे, आणि पावसाळ्यात पंप बंद असतो तेव्हा त्या पॅनलवर कडबा कुट्टी चालेल का, असं तिनं विचारलं. मी गप्प. चालेल का?

---

डीपीवाला

चालेल, पण साध्या कंट्रोलरवर नाही. युनिव्हर्सल कंट्रोलर म्हणून प्रकार येतो, त्याला कुट्टी यंत्र, लहान चक्की असं जोडता येतं. कंत्राटदार सांगत नाहीत, आपण मागावं लागतं, आणि जास्तीचे पैसे द्यावे लागतील. शिवाय पॅनल नाल्यापलीकडे आणि गोठा अलीकडे, कडबा तिथं न्यावा लागेल. तुमच्या आईनं मात्र नेमका प्रश्न विचारला. वर्षातले सात-आठ महिने त्या पॅनलला पूर्ण काम नसतं, आणि इतक्या प्रतिसादांत आमच्यापैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही.

---

फीडरकर

माझ्या आलं होतं, पण मी ते पंपाच्या विरोधात वापरलं. माऊलींना नमस्कार सांगा.

---

संत्र्याची_फोड (फेब्रुवारी)

पंप बसला. डिसेंबरात खड्डे झाले, जानेवारीत पॅनल आले, ताण तोडायच्या वेळेला पाणी सुरू झालं. यादीतून कंपनी निवडताना वांदरवाडी भाऊंचा प्रश्न तसाच्या तसा विचारला. एकानं नागपूरचा पत्ता दिला, दुसऱ्यानं टोल फ्री नंबर, तिसऱ्यानं कोंढाळीतल्या एका पोराचं नाव सांगितलं. तिसरा घेतला. तो पोरगा पंप बसवताना आला होता. बाबांनी त्याला जेवू घातलं आणि तो कोणाचा कोण ते सगळं काढून घेतलं. लांबून आमच्या नात्यात निघतो. आता तो फोन उचलणारच.

युनिव्हर्सल कंट्रोलर या खेपेला जमला नाही. गोठ्यात वेगळा लहान पॅनल आणि दोन दिवे लावलेत, लिथियम बॅटरीचे. नाल्यावर वनराई बंधारा पावसाळ्याच्या शेवटी घातला होता, रिकाम्या पोत्यांत माती भरून. ज्यांच्याशी वाटणी झाली ते काकाही आले होते मदतीला. यंदा विहीर किती भरते ते मे महिन्यात पुन्हा दोरीनं मोजीन आणि इथे लिहीन.

पॅनलवर धूळ फार बसते. आठवड्यातून एकदा सकाळी लवकर, पॅनल थंड असताना धुतो. बाबा धुतात, खरं म्हणजे. गाडी धुतल्यासारखे.

एक अडचण आहे. इंजिन विकायला गिऱ्हाईक आणलं होतं. बाबांनी हाकलून दिलं. ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय. म्हणतात, ढग आले सलग आठ दिवस, तर? किंवा ते पोरगं दुबईला गेलं, तर?

---

वांदरवाडी

बाबा बरोबर हायेत. माह्यं बी इंजिन हाय अजून.

---

डीपीवाला

ठेवा. महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवत जा म्हणावं, नाहीतर पिस्टन जाम होतो. आणि डिझेल टाकीत तसंच ठेवू नका, उंदीर नळी कुरतडतात.